अक्षरांचे भाऊबंद

सणाची निमंत्रणपत्रिका छापून घेणे हे काम इतर ठिकाणच्या वाचकांस फार किरकोळ वाटेल. आमच्या टिळकवाडीत ते तसे नाही. येथे मिस्सेला एकाच बाकावर बसलेल्या चार माणसांपैकी एक घरी मराठी बोलतो, दुसरा कानडी, तिसरा कोंकणी, आणि चौथ्याच्या घरी मुले इंग्रजीत भांडतात. पत्रिका निघावयाची तर ती या चौघांची असली पाहिजे. मराठी देवनागरीत, कानडी कानडी लिपीत, कोंकणी व इंग्रजी रोमन लिपीत. म्हणजे चार भाषा आणि तीन लिप्या, आणि हा सर्व संसार एका वीतभर कार्डावर मांडावयाचा.

कार्ड छापून आले की तक्रारी सुरू होतात. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक आजोबा, शाळेतून निवृत्त झालेले, कार्ड घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या खिशात फूटपट्टी होती. "फादर, हे बघा की. कानडी अक्षर चार मिलिमीटर, मराठी तीन. असं का ओ?" आम्ही त्यांना चहा दिला आणि छापखान्याशी बोलतो म्हणून सांगितले. पुढच्या वर्षी छापखान्याने मराठी अक्षर वाढविले. तेव्हा आठवड्याच्या आत एक कानडी गृहस्थ आले. त्यांच्याजवळ फूटपट्टी नव्हती, पण डोळे तितकेच बारीक होते. मराठी ठळक, कानडी फिकट, हे त्यांनी दारातूनच दाखविले.

परगावच्या वाचकांनी यास हसू नये. ज्या गावाचे नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी दप्तरात बेळगावचे बेळगावी झाले, ज्या गावाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला आणि जेथे दुकानाच्या पाटीवरील अक्षरांवरून माणसे रस्त्यावर येतात, तेथे एक मिलिमीटर हा एक मिलिमीटर राहत नाही. त्या वादात पडण्याचा आमचा विचार नाही, आणि धर्मगुरूने पडूही नये. परंतु देवळाच्या दारात वाटलेल्या कागदाने कोणाचे मन दुखावावे, हे आम्हांस सहन होईना.

मुळात दोष छापखान्याचा नव्हता. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. कानडी अक्षर गोल. ते जमिनीवर बसते, डोक्यावर आपली तलकट्टू मिरविते, आणि जोडाक्षर आले की दुसरे अक्षर पायाखाली घेते. रोमन अक्षराला ना टांगणे ना पायाखाली काही घेणे. यास्तव तीनही लिप्या एकाच आकड्याच्या मापाने छापल्या तरी डोळ्याला एक मोठी, एक लहान, एक काळी, एक करडी अशा दिसतात. प्रत्येक लिपीचा अक्षरसंच वेगळ्या माणसाने, वेगळ्या काळी, दुसऱ्याकडे न बघता घडविलेला. शेजारी राहून एकमेकांच्या घरी न गेलेली माणसेच ती.

गेल्या वर्षी आमच्या गायनमंडळातील एक मुलगी सणाला घरी आली. ती पुण्यात एका जाहिरात-कचेरीत अक्षरे व चित्रे यांची मांडणी करण्याच्या कामावर आहे. ती म्हणाली, "फादर, यंदाचं कार्ड मी करते. आमच्या ऑफिसात शुक्रवारी एक गोष्ट सापडली."

शुक्रवारची गोष्ट काय, हे आम्ही विचारले. तेव्हा कळले, की त्यांच्या कचेरीत दर शुक्रवारी दुपारी काम थांबवून सर्वजण एका मोठ्या मेजाभोवती बसतात आणि त्या आठवड्यात ज्याला जे नवे दिसले ते सर्वांपुढे ठेवतात. कोणी जपानमधील एखादे भित्तिपत्रक दाखवितो, कोणी जुन्या काडेपेटीवरचे चित्र, कोणी एखादे नवे यंत्र, कोणी इंटरनेटवर सापडलेले अक्षर. ते कामाचे असलेच पाहिजे असा नियम नाही. धनी या वेळेचा पगार देतो काय, असे आम्ही जुन्या माणसाच्या संशयाने विचारले. ती हसली. "नव्वद टक्के विसरायचंच असतं, फादर. पण उरलेलं कुणाला लागेल ते आधी कळत नाही ना." हे उत्तर आम्हांस तेव्हा जरा सैल वाटले.

तिने आणलेली वस्तू म्हणजे 'बालू' नावाचा एक अक्षरसंच. नाव ऐकताच किप्लिंगच्या गोष्टीतील अस्वल आठवते, आणि अक्षरेही तशीच: जाड, गुबगुबीत, कोपरे गोल केलेली. मुंबईतील 'एक टाइप' या अक्षर घडविणाऱ्यांच्या मंडळाने तो २०१६ च्या सुमारास सर्वांस खुला केला. सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी, नूपुर दात्ये ही या मंडळातील नावे. दळवी हे पवईच्या आय. आय. टी. मधील अभिकल्प केंद्रात शिकवितात. बालूचे वैशिष्ट्य असे, की तो एका लिपीसाठी नाही. देवनागरी, गुजराती, उर्दू, ओडिया, मल्याळी, बंगाली, गुरुमुखी, कानडी, तेलुगू आणि तमिळ अशा दहा लिप्यांत, आणि प्रत्येकीबरोबर रोमन, अशी ती अक्षरे एका विचाराने आखलेली आहेत. एका लिपीचा जाडपणा दुसरीस जुळतो, काळेपणा जुळतो, गोलाई जुळते.

आणि नावे? देवनागरीचे नाव नुसते बालू; बाकी प्रत्येकास त्या त्या भाषेतील भावाचे नाव दिलेले आहे. गुजराती 'बालू भाई', उर्दू 'बालू भाईजान', ओडिया 'भाइना', मल्याळी 'चेट्टन', बंगाली 'दा', पंजाबी 'पाजी', तेलुगू 'तम्मुडू', तमिळ 'तंबी'. कानडीचे नाव 'बालू तम्मा'. आम्ही हे त्या कानडी गृहस्थांस सांगितले तेव्हा ते क्षणभर खुलले आणि मग म्हणाले, "तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, फादर. कानडी धाकटी कशी?" हल्मिडीचा कानडी शिलालेख पाचव्या शतकातील समजतात, हे त्यांना ठाऊक होते. आम्ही गप्प बसलो. भाऊ म्हटले की भाऊबंदकी आलीच.

तथापि हा विषय आमच्या मनातून जाईना. अक्षर ही वस्तू आपल्या हाती कशी येते, याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा पहिली गाठ पडली ती आमच्याच घराण्यातील एका माणसाशी. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. १६१६ साली राशोल येथे ते छापले गेले, पण रोमन लिपीत. ग्रंथ मराठी, छंद ओवी, वाचणारे येथले. अक्षर मात्र परके. असे का झाले, याचे कारण स्टीफन्स यांनी स्वतःच १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. मलबारात तेथल्या लिपीत पुस्तके छापली गेली आहेत, तशी येथेही या देशच्या भाषेत व लिपीत व्हावीत अशी त्यांची पुष्कळ वर्षांची इच्छा होती. अडचणी दोन. पहिली ही, की युरोपात चोवीस ठशांनी भागते, तर येथे सुमारे सहाशे ठसे ओतावे लागतील, आणि ते अशक्यप्राय दिसते. दुसरी अडचण ही, की प्रांताधिकाऱ्यांच्या आज्ञेवाचून व संमतीवाचून असे काम करता येत नाही. (ही दुसरी अडचण वाचताना आमच्या ओळखीचे कित्येक धर्मगुरू मनातल्या मनात मान डोलावतील.)

सहाशे हा आकडा आम्हांस भारी वाटतो. क, का, कि, की; मग क्य, क्र, क्त; प्रत्येकाचा पोलादी ठसा कोरावयाचा, त्याचा साचा करावयाचा, त्यात शिसे ओतावयाचे. ज्याने एक अक्षर कोरले त्याचे कौशल्य दुसऱ्यास मिळण्याची वाट नव्हती. स्टीफन्स १६१९ साली वारले. ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी संपादून प्रसिद्ध केली ती १९५६ साली; म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी. आमच्या पत्रिकेवरील कोंकणी मजकूर आजही रोमन लिपीत असतो, त्याचे मूळही त्या राशोलच्या काळापर्यंत जाते.

मध्यंतरीच्या काळात काय झाले, हे थोडक्यात सांगतो. १८०५ साली बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी ठशांनी छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी अक्षरे सुधारली. हा छापखाना पाहून पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या गृहस्थांनी आपले यंत्र स्वतः उभे केले, शाई स्वतः घोटली, आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी हा मुलगा टाइप घासण्याच्या कामावर लागला. टाइप घासता घासता त्याने ते कसे ओततात हे पाहिले. १८६४ साली त्याने आपला टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरची अक्षरे राणोजी रावजी आरू यांनी कोरली. त्या वळणाची सुबकता ज्यांनी जुनी पोथी हाती धरली आहे त्यांना सांगावयास नको. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की एका पंथाच्या मिशनऱ्यांनी धर्मपुस्तकांसाठी घडविलेले कसब दुसऱ्याने पाहिले, तिसऱ्याने उचलले, आणि त्यातून आपली पंचांगे व संस्कृत ग्रंथ निघाले. कोणी कोणास ते मुद्दाम शिकविले असे नाही. दार उघडे होते, एवढेच.

आता जाहिरात-कचेऱ्यांकडे वळतो, कारण आमच्या गायनमंडळातील मुलीची शुक्रवारची बैठक आकाशातून पडलेली नाही. १९६१ साली बाळ मुंडकूर यांनी मुंबईत 'उल्का' ही जाहिरातसंस्था काढली. तेथे र. कृ. जोशी हे कलादिग्दर्शक होते. जोशी हे कवीही होते. साबण आणि कापड विकण्यासाठी चित्रे काढावयाची हे त्यांचे पोटापाण्याचे काम. पण त्यांचे डोळे शिलालेखांवर, जुन्या पोथ्यांवर, पाट्या रंगविणाऱ्यांच्या कुंचल्यावर असत. वेलकमग्रुप हॉटेलांची नमस्काराच्या हातांची खूण त्यांची. सर्व भारतीय भाषांना चालेल अशी 'देशनागरी' नावाची लिपीही त्यांनी आखून पाहिली होती. ती रुजली नाही, आणि आमच्या मते ते बरेच झाले. भावांना एकच अंगरखा शिवून भाऊपणा वाढत नाही. पण त्या शोधात त्यांनी प्रत्येक लिपीचे जे हाड तपासले, ते पुढे कामास आले.

याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. १९८० च्या दशकाच्या आरंभी उल्काने एका तरुण चित्रकाराला मोडी लिपीचा अभ्यास करण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तो तरुण म्हणजे अच्युत पालव. मोडी ही आमच्या आजोबा-पणजोबांची हिशेबाची व दरबाराची लिपी, हात न उचलता धावणारी. या भागातील जुन्या घरांत तिचे कागद अजून पेटीच्या तळाशी सापडतात, आणि वाचणारा सापडत नाही. तिच्या अभ्यासाचा जाहिरातसंस्थेस त्या दिवशी काय उपयोग होता? काहीच नाही. परंतु त्यातून पालवांनी मोडी व देवनागरी यांच्या मिलाफाची 'मुक्तलिपी' काढली, आणि पुढे गावोगाव फिरून सुलेखन शिकविले. आज लग्नपत्रिकांवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर जे झोकदार मराठी अक्षर दिसते, त्यातील पुष्कळसे त्या शाळेचे आहे. "उरलेलं कुणाला लागेल ते आधी कळत नाही," हे त्या मुलीचे वाक्य आम्हांस येथे पुन्हा आठवले.

बेळगावला अशी परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. आमच्याच टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघाचे कलादालन आहे. त्याला चित्रकार के. बी. कुलकर्णी यांचे नाव दिलेले आहे. कुलकर्णी यांच्या हाताखाली येथे जी मुले रेषा ओढावयास शिकली त्यांतील एक रवी परांजपे. १९३५ साली या गावात जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात नामांकित झाला, आफ्रिकेत नैरोबीपर्यंत कामाला गेला, आणि २०२२ साली पुण्यात निवर्तला. 'ब्रश मायलेज' हे त्यांचे आत्मचरित्र. आमच्या लोकांना क्रिकेटपटूंची नावे पाठ असतात. परांजपे आपल्या गावचे, हे दहांतील दोघांनाही सांगता आले नाही.

संगणक आला तेव्हा अक्षरांचा प्रश्न सुटला असे सर्वांस वाटले. वस्तुतः काही काळ तो अधिकच बिघडला. याचा चटका आम्ही स्वतः घेतला आहे. फार वर्षांपूर्वी आम्ही एका छापखान्यात मराठी गीतांचे पुस्तक जुळवून घेतले होते. दोनशेच्या वर गीते. मुद्रिते तपासता तपासता आमच्या एका भगिनीचा चष्मा बदलला. पुढे दुसरी आवृत्ती काढण्याची वेळ आली तेव्हा छापखान्याने ती जपून ठेवलेली तबकडी दिली. आमच्या संगणकावर ती उघडली तर प्रत्येक गीताच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे! प्रभूच्या स्तुतीचा एक शब्द वाचता येईना. कारण असे, की त्या काळी प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरे आपल्या मनाच्या आकड्यांत लपविली होती. एकाच्या संगणकात ज्या आकड्याचा अर्थ 'क', दुसऱ्याच्या संगणकात त्याच आकड्याचा अर्थ भलताच. कंपनीचा अक्षरसंच विकत घेतला तरच किल्ली मिळे. गीते पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागली. सहाशे ठशांचा खर्च वाचला, पण प्रत्येकाने आपल्या घराभोवती भिंत घातली.

ही भिंत पाडली ती युनिकोड या जागतिक संकेताने. १९९१ सालापासून त्यात देवनागरीला १२८ जागांचा एक रकाना मिळाला व कानडीला दुसरा. जगातील कोणत्याही संगणकात 'क' चा आकडा एकच. भारत सरकारने १९८८ साली ठरविलेल्या संकेतावरून हे रकाने आखल्यामुळे त्यांत एक गोड जुळणी आहे: देवनागरीच्या रकान्यात 'क' ज्या क्रमांकाच्या जागेवर बसतो, कानडीच्या रकान्यातही त्याचा 'क' त्याच क्रमांकाच्या जागेवर बसतो. 'ख' चेही तसेच, 'म' चेही तसेच. दोन घरे निराळी, पण प्रत्येक घरात देव्हारा कोणत्या कोपऱ्यात हे ठरलेले. आमच्या आजोबांनी हे ऐकले आणि विचारले, "मग 'ळ' पण?" होय, 'ळ' सुद्धा. तो तर मराठीत व कानडीत दोन्हीकडे आहे, आणि या भागात दोघेही त्याच्यावर सारखाच जीव लावतात.

आकडे ठरले तरी अक्षराचा चेहरा कोणी तरी काढावा लागतो. येथे पुन्हा र. कृ. जोशी. १९८३ साली उल्का सोडून ते पवईस शिकवू लागले व नंतर मुंबईतील सरकारी संगणक-संशोधन संस्थेत गेले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी जो 'मंगल' अक्षरसंच येतो आणि कानडीसाठी जो 'तुंगा' येतो, ते दोन्ही त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. बेळगावच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे मराठी अर्ज एका अक्षरात आणि कानडी आज्ञा दुसऱ्या अक्षरात टंकलिखित होत आल्या. दोन्हींच्या मागे तोच एक डोळा होता, हे अर्ज करणाऱ्यासही ठाऊक नाही आणि आज्ञा काढणाऱ्यासही नाही. जोशी २००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे वारले.

पुढचे पाऊल 'एक टाइप' सारख्या मंडळींचे. 'मुक्ता' हा त्यांचा साधा, वाचनाचा अक्षरसंच. तोही देवनागरीबरोबर गुजराती, गुरुमुखी व तमिळ लिपीत आहे. मुक्ता काय किंवा बालू काय, गूगलच्या अक्षरभांडारात ते 'ओपन फॉन्ट लायसन्स' या परवान्याखाली ठेवलेले आहेत. या परवान्याचा अर्थ आम्ही त्या मुलीकडून समजावून घेतला. कोणीही ही अक्षरे विनामूल्य घ्यावीत, पुस्तक छापावे, पत्रिका छापावी, पाटी रंगवावी. कोणास एखादे अक्षर बदलावेसे वाटले तर बदलावे; मात्र बदललेला संचही त्याच परवान्याखाली इतरांस खुला ठेवला पाहिजे. नुसता अक्षरसंच वेगळा काढून विकता येत नाही. म्हणजे घेणाऱ्याने पुढे देण्याची अट. स्टीफन्स यांनी मागितलेले सहाशे ठसे आज, त्याहून कितीतरी अधिक आकारांसह, एका मुलीच्या संगणकात अर्ध्या मिनिटात उतरले, आणि प्रांताधिकाऱ्यांस पत्र लिहावे लागले नाही.

सर्वच गोड आहे असे मात्र नव्हे. फुकट मिळाले म्हणून एका कार्डावर आठ प्रकारची अक्षरे भरणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. मृत्यूची वार्ताही गुबगुबीत अक्षरात छापलेली पाहिली आहे. शिवाय पुष्कळ अक्षरसंच मूळ हिंदीकडे पाहून घडविलेले. त्यांतील 'ल' व 'श' हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वळणाचे 'ल' व 'श' प्रमाण ठरविले आहेत. चांगल्या अक्षरसंचात दोन्ही वळणे असतात, आणि मजकूर मराठी आहे असे संगणकास सांगितले की मराठी वळण येते. पण सांगण्याची तसदी घ्यावी लागते. ती न घेणाऱ्यांत आमच्या धर्मग्रामाची गणना अनेक वर्षे होती, हे कबूल केले पाहिजे. आणि त्या शुक्रवारच्या बैठकीविषयीही आमचा संशय पुरता गेलेला नाही. नुसते "किती छान" म्हणून पुढे जाणारी माणसे मेळ्यात फिरतात तशी फिरून रिकाम्या हाताने घरी येतात. फरक पडला तो त्या मुलीने सापडलेली वस्तू टिळकवाडीस आणली म्हणून.

दोन भाषा एका कागदावर शेजारी बसविण्याची ही खटपट आमचीच पहिली असेही नाही. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी, ही मूर्ती चामुंडरायाने करविली अशी एकच हकीकत मराठीत, कानडीत व तमिळमध्ये जवळजवळ कोरलेली आहे. मूर्ती दहाव्या शतकाच्या शेवटची. त्या मराठी ओळीच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत, परंतु ती कर्नाटकात आहे आणि मराठीतील अगदी जुन्या लेखांत तिची गणना होते, यात वाद नाही. पाथरवटाने तेव्हा तेथे फूटपट्टी लावली होती की काय कोण जाणे.

यंदाचे कार्ड त्या मुलीने पुण्याहून पाठविले. मथळा बालूमध्ये: वर मराठी, शेजारी कानडी, खाली रोमन लिपीत कोंकणी आणि इंग्रजी. तिने कानडी किंचित लहान व मराठी किंचित खाली घेतली होती, ज्यायोगे मापाने नव्हे तर डोळ्याने दोन्ही सारख्या दिसतील. एवढे बारीक काम आम्हांस तिने सांगितल्यावाचून कळले नसते. ते कच्चे मुद्रित आम्ही पहिल्या मिस्सेनंतर आजोबांपुढे ठेवले, आणि त्या कानडी गृहस्थांसही मुद्दाम बोलावून घेतले. दोघे एका बाकावर बसले. आजोबांनी चष्मा पुसला, फूटपट्टी काढली, मराठी अक्षरावर लावली, कानडीवर लावली, आणि कानडी गृहस्थांकडे सरकविली. त्यांनीही लावून पाहिली. दोघे काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग फूटपट्टी आजोबांच्या खिशात परत गेली.

आम्ही सुटलो असे समजून उठणार, तोच आजोबांनी बोट ठेवले. "फादर, हे काय ओ? 'येणाऱ्या' मधला 'र' बघा की."

खरेच, तेथे 'येणार्या' छापले होते. मराठीतील तो आडवा, पापणीसारखा 'र' गेला होता आणि रफार डोक्यावर चढून बसला होता. हा पापणीचा 'र' हिंदीत नाही. साधा 'र', मग हलन्त, मग 'य' असे टंकले की संगणक रफार काढतो. त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा लागतो. मुलगी घाईत होती.

कानडी गृहस्थ वाकून पाहू लागले. "यात काय फरक?" असे त्यांनी विचारले, आणि आजोबा त्यांना कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'दर्या' व 'दऱ्या' लिहून समुद्र कोणता आणि डोंगरामधल्या खोल जागा कोणत्या हे समजावू लागले. आम्ही तांबड्या शाईने खूण करून मुद्रित परत पाठविले.